साहेब मिटिंगमध्ये आहेत

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलं की कारखाने लागतात. आधी डोलवीचा पोलादाचा, मग धरमतरचा पूल ओलांडून बरंच पुढे उसरचा गॅसचा, थळचा खताचा, रेवदंड्याच्या पुलापलीकडे साळावचा, आणि आतल्या अंगाला नागोठणे-रोह्याची रसायनं. कुणी सरकारी, कुणी खाजगी, कुणी काल एका शेठचा तर आज दुसऱ्याचा. डोलवीचा इस्पातवाल्यांचा होता, तो 2010 साली जिंदालांकडे गेला. साळावचा आधी बिर्लांचा, मग वेलस्पनचा, आता तोही जिंदालांचाच. मालक बदलतात, माल वेगळा, धुराचा रंग वेगळा. पण गेटातून आत शिरल्यावर टाइम ऑफिसला लागून जी पहिली केबिन असते, तिच्यात बसलेला गृहस्थ सगळीकडे एकच असतो. तो म्हणजे एचआरचा साहेब.

वय पन्नाशीच्या पुढे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं निळं सहीचं आणि हिरवं शेऱ्याचं. खुंटीला पांढरं हेल्मेट, इतकं कोरं की त्याचा उपयोग आजवर गणपतीची वर्गणी गोळा करण्यापलीकडे झाला नसावा. टेबलावर दोन फोन. एक मुंबईच्या हेड ऑफिसचा, तो वाजला की साहेब उभे राहतात. दुसरा गावचा, म्हणजे सरपंच, आमदारांचे पीए, पोलीस पाटील आणि युनियनचे अध्यक्ष यांचा. तो वाजला की साहेब बसतात, कारण आता अर्धा तास गेला.

दाराबाहेर शिपाई असतो आणि त्याला एकच वाक्य पाठ असतं: "साहेब मिटिंगमध्ये आहेत." हे वाक्य खोटं कधीच नसतं. केबिनमध्ये साहेब एकटे दिसले तरी ते एकतर पुढच्या मिटिंगच्या तयारीत असतात, नाहीतर मागच्या मिटिंगचे मिनिट्स लिहीत असतात.

मी ज्यांच्या शेजारच्या खोलीत अकाउंट्स सांभाळले त्या साहेबांचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. सांगून उपयोगही नाही. या पट्ट्यातल्या कुणीही वाचलं तर त्याला हे आपलेच साहेब वाटणार, आणि साहेबांनी वाचलं तर त्यांना हे शेजारच्या कंपनीतले वाटणार.

साहेब नोकरीला लागले ते 'लेबर वेल्फेअर ऑफिसर' म्हणून. 1948च्या फॅक्टरी ॲक्टातलं 49वं कलम तेव्हा सांगत होतं की पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की असा अधिकारी नेमलाच पाहिजे. म्हणजे मालकाला हवा म्हणून नव्हे, कायद्याला हवा म्हणून साहेबांचा जन्म झाला, आणि ही गोष्ट मालक कधी विसरला नाही. पुढे पाटी बदलली. वेल्फेअरचे पर्सोनेल झाले, पर्सोनेलचे इंडस्ट्रियल रिलेशन्स, मग एचआर, आणि अलीकडे 'पीपल अँड कल्चर'. खुर्ची तीच, कपाट तेच, कपाटातली उंदीर मारायची गोळीही तीच. फक्त दर वेळी सुतार यायचा, जुनी पाटी काढायचा, नवी ठोकायचा. जुन्या पाट्या कॅन्टीनमध्ये गेल्या. तिथल्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली 'इंडस्ट्रियल रिलेशन्स'ची घडी बसवलेली मी स्वतः पाहिली आहे. टेबल तेव्हापासून हललेलं नाही.

आता निर्णयांबद्दल. लोकांचा समज असा की कंपनीत निर्णय साहेब घेतात. साहेबांचा अनुभव असा की निर्णय वरून येतात किंवा गेटवरून येतात, आणि दोन्हीकडून आलेले एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये आपल्याला ठेवलेलं आहे. लोणावळ्याच्या एका हॉटेलात त्यांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथं हर्बर्ट सायमन शिकवला. या सायमनला 1978 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असं सांगितल्याबद्दल की संस्थेत निर्णय घेणारा माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, तेवढी माहितीही त्याच्याकडे नसते आणि वेळही. जो पहिला पर्याय 'चालेल' असा वाटतो तिथं तो थांबतो. साहेब परत आल्यावर म्हणाले, "अहो, आमच्या आईनं माझ्यासाठी मुलगी अशीच पाहिली. तिला कुणी नोबेल दिलं नाही."

पण साहेब सायमनच्याही पुढे गेले होते. 'चालेल' असा पर्याय समोर आला तरी ते थांबत नसत, ते पर्यायच संपण्याची वाट पाहत. एकदा इन्स्ट्रुमेंटच्या एका जागेसाठी तीन उमेदवार उरले. तिघांच्याही मागे वजनदार चिठ्ठ्या. साहेबांनी निवड समितीची बैठक पुढे ढकलली, मग अध्यक्षांची तब्येत बिघडली म्हणून आणखी पुढे, मग ऑडिट लागलं. तेवढ्यात एक उमेदवार जहाजावर गेला, दुसऱ्याला रोह्यात नोकरी लागली. उरलेल्या एकावर समितीचं एकमत झालं. मिनिट्समध्ये साहेबांनी हिरव्या पेनानं लिहिलं: 'सर्व पर्यायांचा साकल्यानं विचार करून'.

भरती हा या किनाऱ्यावर साधा विषय नाही. साहेबांच्या टेबलाला तीन खण आहेत. वरच्यात अर्ज, मधल्यात प्रकल्पग्रस्तांचे दाखले, खालच्यात चिठ्ठ्या. भरती खालून वर होते. सरकारचं धोरण सांगतं की ऐंशी टक्के माणसं स्थानिक घ्या. साहेबांचाही त्याला विरोध नाही, फक्त स्थानिक कोण हे ठरवताना त्यांना घाम फुटतो. मुंबईला वाटतं महाराष्ट्रातला तो स्थानिक. जिल्ह्याच्या पुढाऱ्याला वाटतं रायगडचा तो स्थानिक. गेटवर उभ्या असलेल्या पोराला विचारा, तो सांगेल: "साहेब, जमीन आमच्या गावची गेली आन् नोकरी नागावच्याला?" नागाव तिथून रिक्षाच्या एका सीटच्या अंतरावर. त्यात हजेरीपटावर निम्मे पाटील, उरलेल्यांत म्हात्रे, ठाकूर, घरत, भगत. 'पाटलांना पाठवा' असा निरोप गेला की केबिनबाहेर रांग लागे. म्हणून साहेब गावावरून हाक मारत. चोंढीचे पाटील, कुरूळचे पाटील, 'ते सुपारीवाले पाटील'.

इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर मुंबईहून एक तरुण अधिकारी यायचा. तो इंग्रजी बिझनेस स्कूलचा. हेल्परच्या जागेसाठी आलेल्या पोराला त्यानं विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" पोरानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "इथंच. पर्मनंट." अधिकाऱ्यानं शेऱ्याच्या रकान्यात 'महत्त्वाकांक्षेचा अभाव' लिहिलं. साहेबांनी त्याच्याखाली हिरव्या पेनानं लिहिलं: 'ध्येय स्पष्ट'. पोरगा लागला.

याच अधिकाऱ्यानं जेवताना कुणाला तरी थट्टेत विचारलं होतं, 'अलिबागसे आया है क्या?' टेबलावर शांतता पसरली. साहेब स्वतः घाटावरचे, त्यांना राग यायचं कारण नव्हतं. पण ते शांतपणे म्हणाले, "या वाक्यावर बंदी घाला म्हणून 2019 साली हायकोर्टात याचिका झाली होती." अधिकारी ओशाळला. मग साहेबांनी हळूच सांगितलं, "कोर्टानं ती फेटाळली. पण याचिका करणाऱ्या तालुक्यात तुम्ही जेवताय, एवढं लक्षात असू द्या." अधिकाऱ्यानं ताटातलं कालवण मुकाट्यानं संपवलं.

कालवणावरून आठवलं. साहेबांच्या कारकिर्दीतली खरी झुंज कॅन्टीन कमिटीत झाली. अडीचशेच्या वर कामगार असले की कॅन्टीन हवं हे तेव्हाच्या कायद्याचंच, आणि कॅन्टीन आलं की त्याची कमिटी आली. पार्किन्सन नावाच्या इंग्रजानं 1950च्या दशकात लिहून ठेवलं आहे की समितीपुढे अणुभट्टीचा खर्च आला तर तो अडीच मिनिटांत मंजूर होतो, सायकलींच्या शेडवर पाऊण तास जातो आणि चहापाण्याच्या खर्चावर सव्वा तास, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही आणि चहा सगळ्यांना कळतो. पार्किन्सन रायगडच्या किनाऱ्यावर आला असता तर त्यानं चहा सोडून मासळी घेतली असती. इथं मासळी कळत नाही असा माणूस सापडायचा नाही.

आमच्याकडे नव्या बॉयलरचा प्रस्ताव आला त्या दिवशीच बुधवारच्या मच्छीचाही विषय होता. बॉयलरच्या कागदावर सह्या होईपर्यंत चहाचे कपही उचलले गेले नव्हते. मग कमिटीचे कामगार प्रतिनिधी उठले. ठेकेदार बांगडा आणतो, बोंबील का नाही? बोंबील आणतो तर ओला नसतो. तुकडा केवढा असावा? शेपटीचा तुकडा कुणाच्या ताटात पडतो आणि का? स्टाफच्या बाजूला डोक्याकडचा आणि कामगारांच्या बाजूला शेपटीचा, हा अन्याय नाही काय? साहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग एक उपसमिती नेमली. उपसमितीनं थळच्या बाजारात जाऊन भाव काढले, अहवाल दिला, आणि अहवालावर चर्चा व्हायच्या आत 1 जून उजाडला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी. ठेकेदार बर्फातली मच्छी आणतो म्हणाला. एक जुना फिटर उभा राहिला: "बर्फातला आमची मांजर नाय खात, साहेब." जून-जुलै सुक्या बोंबलांवर गेले, पाठोपाठ श्रावण आला आणि निम्म्या कमिटीनं मासळी सोडली. प्रश्न मिटला. दर वर्षी तो असाच मिटतो. साहेब मिरज-सांगलीकडचे शुद्ध शाकाहारी, पण आज बोंबलाचा डोळा पाहून तो किती वेळापूर्वी पाण्याबाहेर आला हे सांगतात. एमपीएमच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.

साहेबांची थट्टा इथवर खुशाल करावी. पण त्यांच्या केबिनच्या भिंतीवर एक कालनिर्णय आहे, त्याच्यापाशी मात्र थांबलं पाहिजे. इतरांच्या घरी ज्या चौकोनांत दुधाचा हिशोब असतो, त्या चौकोनांत साहेबांचं मनुष्यबळ नियोजन असतं. हिरव्या पेनानं बारीक अक्षरं. आषाढात आठवडाभर 'ला.', म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत जनरल शिफ्टमध्ये माणूस शोधू नये. नारळी पौर्णिमेला गोल, कारण दुसऱ्या दिवसापासून कोळीवाड्यातले कंत्राटी होडीवर जाणार. त्याआधी पेण-हमरापूरकडचे कंत्राटी गायब, ते गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागलेले. कार्तिकात वरसोलीची जत्रा, आवासची जत्रा. मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची, तिथं पहिला दिवस म्हाताऱ्यांचा, दुसरा पोरांचा, आणि तिसऱ्या दिवशी सगळे पोट बिघडल्याचं सांगणार. शिमग्याच्या चौकोनात काहीच लिहिलेलं नाही. तिथं लिहून उपयोग नसतो.

मुंबईनं मोठ्या खर्चानं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. कोण कधी रजेवर जाईल याचा ते अंदाज करायचं. त्याच्या अंदाजानं हेड ऑफिसनं प्लँटचा वार्षिक शटडाउन अनंत चतुर्दशी झाल्यावर लगेच लावला. गणपती गेले, माणसं मोकळी झाली, असा हिशोब. साहेबांनी मेल केला की चार-पाच दिवस पुढे घ्या. कारण विचारलं. साहेबांनी लिहिलं, 'साखरचौथ'. मुंबईला साखरचौथ माहीत नव्हती. अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर पुढच्या संकष्टीला आमच्याकडे पुन्हा गणपती बसतात, ज्यांना गणेश चतुर्थीला जमलं नाही त्यांचे, नवसाचे, आणि पेणकडे तर गल्लोगल्ली. शटडाउन ठरल्या तारखेलाच सुरू झाला. चतुर्थीच्या सकाळी उघडलेल्या कॉम्प्रेसरभोवती मुंबईचा अधिकारी, दोन सल्लागार आणि साहेब एवढेच उभे होते. दुपारी युनियनचे अध्यक्ष मोदक घेऊन आले. पुढच्या वर्षी तारखा ठरवताना मुंबईहून फोन आला: जरा कालनिर्णय बघून सांगा. साहेब उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. माझ्या मते कंपनीत त्या वर्षी झालेला हा एकमेव अभ्यासपूर्ण निर्णय.

मग बेल कर्व्ह आला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्शनं ही पद्धत गाजवली. माणसांची प्रतवारी लावायची, वरचे वीस टक्के बक्षिसाला, मधले सत्तर चालू द्यायचे, खालच्या दहांना दार दाखवायचं. पुढे त्या कंपनीनंच ती सोडली. आमच्याकडे ती पोचायला तेवढाच वेळ लागला. स्टोअर्समध्ये दहाजण. त्यातला एक 'अपेक्षेपेक्षा कमी' असलाच पाहिजे, असं मुंबईचं फर्मान. स्टोअर्सचे प्रमुख रडकुंडीला आले, दहाही जण त्यांच्या मते बरे होते, आणि जो बरा नव्हता तो त्यांचा मेव्हणा. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दार लावलं. मी शेजारी होतो, भिंत पातळ होती.

"हे बघा," साहेब म्हणाले, "एकाला ही कमी प्रत द्यावी लागणार. इन्क्रिमेंट थोडं कमी पडेल. नोकरी जाणार नाही, ते मी बघतो. कोण घेणार?"

बराच वेळ कुणी बोलेना. मग मार्चमध्ये निवृत्त होणारे एक काका म्हणाले, "यंदा मला द्या. मला आता काय अपेक्षा आणि काय कमी."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पाळी लावा की साहेब. देवळातल्या पूजेला लावतो तशी."

पाळी लागली. दर वर्षी नवा माणूस नापास, आणि इतरांनी आपापल्या वाढीतून त्याला हातभार लावायचा, असं ठरलं. मुंबईच्या तक्त्यावर आमचं स्टोअर्स आदर्श ठरलं. एकही माणूस सलग दोन वर्षं खालच्या प्रतीत राहत नाही, म्हणजे सुधारणेची संस्कृती रुजली आहे, असा उल्लेख वार्षिक सादरीकरणात झाला. तो वाचून साहेब बराच वेळ खोकत होते.

कर्मचारी समाधान सर्व्हेचंही असंच. गॅलप या अमेरिकन संस्थेचे बारा प्रश्न जगभर गाजलेले आहेत, त्यांतला एक कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे का, असा. आमच्या फॉर्मवर तो मराठीत आला होता. एका ऑपरेटरनं हो आणि नाही दोन्ही खोडून लिहिलं: 'मित्र नाही, मेव्हणा आहे.' नाव लिहू नये अशी सूचना वर होती. साहेबांनी अक्षर ओळखलं, मेव्हणाही ओळखला, आणि फॉर्म 'हो'च्या गठ्ठ्यात घातला.

साहेबांना अभिमान कशाचा होता, तर अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा. बाहेरचा कुणी बदलांचं व्यवस्थापन वगैरे शिकवायला आला की साहेब त्याला संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला नेत आणि परतताना वेधशाळेची इमारत दाखवत. मुंबईत ट्राम विजेवर चालणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून ट्राम यायच्या आधीच, 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा बांधली, लोखंड टाळून दगडात. आणि मग 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्याचा आणि नव्याचा मेळ बसला तेव्हाच कुलाब्याची बंद केली. "याला म्हणतात हँडओव्हर," साहेब म्हणत. "आमच्याकडे माणूस शुक्रवारी जातो आणि सोमवारी नवीन येऊन विचारतो, किल्ल्या कुठायत."

आता करारांकडे येतो, कारण तिथं साहेब मोठे होत. पगारवाढीचा करार संपला की युनियन मागण्यांची यादी देते, कंपनी ती अमान्य करते, मग गेट मिटिंग, मग काळ्या फिती, मग पनवेलच्या लेबर ऑफिसात तारखा. एका कराराच्या वेळी मुंबईहून खास पाठवलेले एक मोठे साहेब म्हणाले, "कडक भूमिका घ्या. आठ दिवस गेट बंद ठेवलं की येतील ताळ्यावर." आमचे साहेब वाद घालत नाहीत. त्यांनी गाडी काढली आणि पाहुण्यांना शहाळं पाजायच्या निमित्तानं पोयनाडच्या बाजूला चरी गावी नेलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून, शहाळ्यात नळी घालत त्यांनी सांगितलं की खोतांच्या जाचाविरुद्ध या शेतकऱ्यांनी 1933 साली संप केला. नारायण नागू पाटील पुढारी. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जमिनी कसायच्या नाहीत म्हणजे नाहीत. लाकडं विकली, खाडीत मासे धरले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. संप मिटला 1939ला. "आपल्या प्लँटमध्ये त्यांचे नातू आहेत," साहेब म्हणाले. "तुम्ही आठ दिवस म्हणत होतात ना?" पाहुण्यांनी शहाळ्यातली मलई खाल्ली नाही. परतल्यावर आकडा थोडा वर सरकला.

युनियनच्या लोकांनाही ते असंच सांभाळत. त्यांच्या मते या किनाऱ्यावरचा पहिला एचआर मॅनेजर म्हणजे श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ. 1713 साली कान्होजी आंग्र्यांनी शाहू महाराजांच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, पकडून ठेवलं. महाराजांनी बाळाजीला पेशवेपद देऊन बोलणी करायला धाडलं. बाळाजीनं तोफा डागल्या नाहीत. बसला, बोलला, कान्होजींचं सरखेलपद आणि त्यांचे किल्ले मान्य केले, पिंगळे सोडवले आणि कान्होजींना शाहूंच्या बाजूला आणलं. "घेरावात सापडलेला अधिकारी सोडवला, समोरच्याचा मान ठेवला आणि प्रमोशन स्वतः घेतलं," साहेब सांगत. "आम्हाला तिन्हीपैकी पहिली दोनच जमली." हे ऐकून अध्यक्ष, जे स्वतःला कान्होजींचे वारस मानत, खूश होत आणि मागणीतला एक मुद्दा मागे घेत.

साहेब अठ्ठावन्नचे झाले तेव्हा त्यांच्या जागी कोण, असा प्रश्न आला. निवड समिती नेमली गेली. तिचे सचिव अर्थात साहेबच. पुण्याचा एक एमबीए आला, आषाढात रुजू झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात मेलवर राजीनामा धाडला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: पाऊस. दुसऱ्या एक बाई हुशार होत्या, पण पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात हे त्यांना नियुक्तिपत्र घेतल्यावर कळलं. तिसऱ्याला सगळं पसंत होतं, फक्त त्याला कालनिर्णयाच्या जागी व्हाइटबोर्ड हवा होता. साहेबांनी त्याच्या फाईलवर काही लिहिलं नाही, नुसती ती खालच्या खणात ठेवली. साहेबांना मुदतवाढ मिळाली. पत्रावर एचआरप्रमुख म्हणून सही साहेबांचीच, पोच म्हणून सही साहेबांचीच.

ती मुदत संपायच्या सुमारास नवा करार आला. युनियननं मागण्यांची यादी दिली. भत्ता, बस, दिवाळीचा बोनस, आणि शेवटची मागणी अशी की एचआरच्या साहेबांना आणखी अडीच वर्षं ठेवावं. व्यवस्थापनाच्या बाजूनं बोलणी करायला साहेबच बसले होते. पहिल्या बैठकीत कुठलीही मागणी मान्य करायची नाही हा त्यांचा जन्माचा नियम. त्यांनी प्रत्येक कलमापुढे हिरव्या पेनानं 'अमान्य' लिहिलं, शेवटच्यापुढेही. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. साहेबांनी कंपनीची आर्थिक स्थिती समजावून सांगितली, वयोमानाचे नियम वाचून दाखवले, अशा अधिकाऱ्यांवर होणारा खर्च मांडला. प्रकरण पनवेलला गेलं. दोन तारखा पडल्या. शेवटी एका रात्री उशिरा सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये डोकावलो. साहेब जागरणानं लाल झालेले, पण चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं तेज.

"काय झालं तुमच्या मुदतवाढीचं?" मी विचारलं.

"अडीच वर्षं मागत होते," साहेब म्हणाले. "सहा महिन्यांवर आणलं."